मोकळ्या मैदानातला रॉक कॉन्सर्ट: उभं कुठे राहावं, कानांचं काय करावं?

पायवाट_पुणे

नमस्कार मंडळी. महालक्ष्मी रेसकोर्सवर दिवसभर चालणाऱ्या रॉक फेस्टिव्हलची दोन जनरल तिकिटं काढली आहेत, म्हणजे सगळा वेळ उभंच राहायचं. आजवर रॉक हेडफोनवरच ऐकलंय, एवढ्या मोठ्या मैदानात जाण्याची पहिलीच वेळ. जाणकारांना काही नेमकं विचारायचंय.

उंची पाच फूट एक इंच आहे. स्टेजजवळ घुसावं की मागे राहावं? इयरप्लग लावले तर ऐकण्याची मजा जाते का, आणि घ्यायचे तर कुठले? दुपारपासून रात्रीपर्यंत टिकायला पाणी, खाणं, बूट यांचं काय करायचं? गर्दीचा लोंढा अंगावर आला तर काय? आणि त्याच रात्री पुण्याला परतता येतं का? "सांभाळून जा" यापलीकडचं, आकड्यांसकट सांगितलंत तर फार उपयोग होईल.

फेडर_वर

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सगळ्यात चांगलं दिसतं ती जागा आणि सगळ्यात चांगलं ऐकू येतं ती जागा, या दोन वेगळ्या जागा आहेत.

स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या लांब माळा टांगलेल्या दिसतील. त्याला लाइन ॲरे म्हणतात. त्यांचा रोख मैदानाच्या मध्यावर आणि मागच्या भागावर असतो, त्यामुळे बॅरिकेडला चिकटून उभ्या असलेल्यांच्या डोक्यावरून तो आवाज निघून जातो. या पुढच्या लोकांसाठी स्टेजच्या कडेवर लहान स्पीकर ठेवतात, फ्रंट फिल. त्यातून मुख्यतः गायकाचा आवाज भरून काढतात. बाकी ड्रमच्या झांजा आणि गिटारचे ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारे डबे) थेट स्टेजवरून ऐकू येतात आणि सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, तर पायाशीच असतात. म्हणजे डावीकडच्या गिटारिस्टसमोर उभे राहिलात तर त्याचीच गिटार जास्त ऐकू येणार आणि उजवीकडचा दबणार. आता बरेच बँड स्वतःचं वादन ऐकायला कानातले मॉनिटर वापरतात आणि ॲम्पऐवजी डिजिटल मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र) लावतात, तेव्हा स्टेजवरून येणारा आवाज कमी झालाय. पण म्हणूनच पुढे उभ्या असलेल्यांना कधीकधी गिटार चक्क कमीच ऐकू येते, कारण ती फक्त टांगलेल्या स्पीकरमध्ये असते.

मैदानाच्या मधोमध, स्टेजपासून साधारण ३० ते ४५ मीटरवर एक मचाण असतं, वर छप्पर, आत मिक्सिंग कन्सोल, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवायचं यंत्र. त्याला एफओएच (फ्रंट ऑफ हाउस) म्हणतात. बँडचा साउंड इंजिनियर तिथे जे ऐकतो त्यावरूनच तो फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, खालीवर करतो. त्या मचाणाच्या पुढे तीन-चार मीटर, किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना लागून, ही माझ्या मते मैदानातली सगळ्यात मोलाची जागा. मचाणाच्या थेट मागे मात्र राहू नका, स्टेज अर्धं झाकलं जातं.

खर्जाचा प्रकार जरा वेगळा आहे. सबवूफर डावी-उजवीकडे दोन ढिगांत ठेवले असतील तर मधल्या रेषेवर दोघांच्या लहरी एकत्र येऊन दणका वाढतो, आणि बाजूला काही पट्ट्यांत त्या एकमेकींना खाऊन टाकतात. तिथे किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पोकळ लागतो. स्टेजच्या पूर्ण रुंदीभर सब पसरलेले असतील तर हा फरक बराच कमी होतो. बेस गुरगुरतोय किंवा गायबच आहे असं वाटलं तर बँडला दोष देण्याआधी दोन-तीन मीटर बाजूला सरकून बघा. तेवढ्यानेही पुष्कळ बदल होतो.

मागे राहिलात तर डिले टॉवर भेटतील, मैदानात मध्येच उभे केलेले स्पीकरचे खांब. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १०० मीटरवर तो जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. म्हणून या टॉवरना मुद्दाम तेवढाच उशीर दिलेला असतो. टॉवर तुमच्याकडे तोंड करून असेल आणि तुम्ही त्याच्यापासून दहा-पंधरा मीटर मागे असाल तर आवाज स्वच्छ येतो. टॉवर आणि स्टेज यांच्या मध्ये, टॉवरच्या पाठीला लागून उभे राहिलात तर सगळं गढूळ ऐकू येतं.

संध्याकाळी वारा सुटला की वरचे स्वर, म्हणजे झांजा आणि शब्दांतले स-श, मध्येच येतात मध्येच जातात. त्यावर कन्सोलवरून काही करता येत नाही. पुढे सरकलात तर त्रास कमी होतो, कारण हवेतलं अंतर कमी होतं.

पहिल्या दोन-तीन गाण्यांवरून मत बनवू नका. साउंडचेक झालेला असतो तो रिकाम्या मैदानावर, आणि हजारो माणसं उभी राहिली की वरचे स्वर अंगांत-कपड्यांत शोषले जातात. फेस्टिव्हलमध्ये दुपारच्या बँडना तर पुरता साउंडचेक मिळतही नाही, नुसता लाइन चेक: प्रत्येक माईक आणि वायर चालते की नाही एवढंच. त्यांचं तिसरं-चौथं गाणं हे खरं पहिलं समजा.

उंचीसाठी एक उपाय आहे जो फार थोडे लोक वापरतात. मैदानात फक्त पुढचंच बॅरिकेड नसतं. एफओएचभोवती बॅरिकेड असतं, आणि पुढच्या व मागच्या विभागांमध्ये, किंवा सुरक्षारक्षकांच्या ये-जा करण्याच्या वाटेसाठी आडवी-उभी बॅरिकेड असतात. अशा वाटेच्या काठावर उभे राहिलात तर तुमच्या नाकासमोर दोन-तीन मीटर रिकामी पट्टी राहते. समोर सहाफुटी माणूस असला तरी तो लांब असल्यामुळे त्याच्या खांद्यांच्या मधून स्टेज दिसतं. एफओएचच्या पुढच्या बॅरिकेडला पाठ टेकून उभं राहिलात तर मागून ढकलायलाही कुणी नाही.

आणि वेळेचं. मुंबईत मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक रात्री दहापर्यंतच, ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे. वर्षातले मोजके सवलतीचे दिवस सोडले तर मुख्य बँड दहाच्या ठोक्याला थांबतो. म्हणजे तो आठ-साडेआठला सुरू होणार. "मोठा बँड काय, रात्री उशिराच येईल" असं धरून चालणारे पहिली पाच-सहा गाणी गेटबाहेरच्या रांगेत ऐकतात. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचा, तो परिसर शेजारच्या इस्पितळांमुळे शांतता क्षेत्रात गेला आणि मुंबईतलं रॉकचं सगळ्यात लाडकं ठिकाण हातचं गेलं. तेव्हा दहाची मर्यादा पाळली जाते तेच बरं, नाहीतर आहेत ती मैदानंही जातील.

श्रवण_ठाणे

कानांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

हिशेब असा. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. मोठ्या रॉक कॉन्सर्टमध्ये ९५ ते १०५ ही नेहमीची पातळी आहे. म्हणजे पूर्ण दिवसाचा कोटा दोन-तीन गाण्यांत संपतो, आणि तुम्ही सात-आठ तास उभे राहणार आहात. १५ डेसिबल कमी करणारा प्लग लावला की १०० चे ८५ होतात.

मजा जाते का, तर कुठला प्लग आहे त्यावर आहे. मेडिकलमध्ये मिळणारे पिवळे-नारिंगी फोमचे प्लग वरचे स्वर जास्त कापतात आणि खर्ज कमी, त्यामुळे आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. संगीतासाठी वेगळे प्लग मिळतात, सिलिकॉनच्या तीन चकत्या आणि मध्ये बारीक फिल्टर असलेले. ते सगळे स्वर जवळजवळ सारखेच, १५ ते २० डेसिबलने खाली आणतात. ऑनलाइन हजार ते तीन हजार रुपयांत येतात आणि धुऊन पुन्हा वापरता येतात. यांनी शब्द उलट जास्त स्पष्ट कळतात, कारण फार मोठ्या आवाजात आपला कान स्वतःच विकृती निर्माण करतो आणि गाण्यातले बारकावे एकमेकांत मिसळतात.

फोमचेच घेणार असाल तर ते बसवायचं तंत्र जमलं पाहिजे. पाकिटावर ३० डेसिबलच्या वर आकडा असला तरी अर्धवट बसवलेला प्लग त्याच्या निम्मंही काम करत नाही. हात स्वच्छ करा. प्लग बोटांत फिरवून सुरकुती न पडता काडीसारखा बारीक करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वळणदार नळी सरळ होते. मग प्लग आत सारा आणि तो फुगेपर्यंत बोटाने तीस-चाळीस सेकंद धरून ठेवा. पारख अशी: दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा. दाबल्यावर आवाज एकदम कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, काढून पुन्हा लावा. कापसाचा बोळा अजिबात कामाचा नाही.

प्लग पहिल्या गाण्याआधी लावायचे, कान दुखायला लागल्यावर नव्हे. सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात काढून टाकू नका. मित्राशी बोलायला एक प्लग काढून स्पीकरकडे तोंड करून उभं राहणं टाळा. प्लग ठेवूनच त्याच्या कानाजवळ बोला. एक जादा जोडी खिशात असू द्या, गर्दीत एखादा पडतोच आणि पडलेला पुन्हा कानात घालायचा नाही.

पातळी मोजायची असेल तर आयफोनवर नायॉश (NIOSH) या अमेरिकी सरकारी संस्थेचं मोफत ॲप आहे. इतर फोनवरच्या ॲपचा आकडा अंदाजे समजा, फार मोठ्या आवाजात फोनचा माईक दबतो आणि आकडा कमी दाखवतो.

कार्यक्रमानंतर कानात शीं वाजणं एका रात्रीत जायला हवं. दुसऱ्या दिवसापलीकडे टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र थांबायचंच नाही, त्याच दिवशी जा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच गुण येण्याची शक्यता चांगली असते.

पहिली_रांग

फेडर_वर यांचं आवाजाबद्दलचं म्हणणं मान्य, पण सगळा वेळ कन्सोलशेजारी काढू नका असं माझं ठाम मत आहे. पुढे जे दिसतं ते पडद्यावर दिसत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये टेक्निशियन अंधारातून येतो आणि गिटारिस्टच्या हातातली गिटार बदलून जातो. नव्या गिटारची जाड तार ई सुरावरून खालच्या डी वर उतरवलेली असते आणि पुढचं गाणं जड वाजणार हे सुरू व्हायच्या आधीच कळतं. ड्रमरचा हाय-हॅटवरचा (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवरचा) डावा पाय, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलबोर्डवर कोरसच्या आधी पडणारं पाऊल, बेसिस्ट आणि ड्रमरची नजरानजर. रॉक वाजवला कसा जातो हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. दुपारच्या लहान बँडना पुढे जा, तेव्हा जागा असते आणि आवाजही जरा कमी असतो. मुख्य बँडच्या वेळी मागे या.

मुख्य बँडलाच रेल, म्हणजे स्टेजसमोरच्या बॅरिकेडची जागा, हवी असेल तर गेट उघडताच आत जाऊन त्याच स्टेजला चिकटून राहावं लागतं. मध्ये शौचालयाला गेलात की जागा गेली. दुसऱ्या स्टेजवर काही बघायचं असेल तर तिथला सेट संपायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी निघा, सगळे एकदम निघाले की अरुंद वाटांवर कोंडी होते.

आता गर्दीचं, हे प्रत्येकाने वाचावं. गर्दीत माणसं पायाखाली येऊनच मरतात असा समज आहे, पण बहुतेक वेळा उभ्या-उभ्याच छाती दाबली जाऊन श्वास थांबतो. अमेरिकेत सिनसिनाटीच्या कॉन्सर्टला १९७९ मध्ये दारावरच्या रेटारेटीत ११ जण गेले, डेन्मार्कच्या रोस्किल्डे फेस्टिव्हलला २००० मध्ये स्टेजसमोर ९ जण. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असेपर्यंत हलता येतं. पाच-सहाच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते आणि तुमच्या पायांना काही अर्थ उरत नाही.

ओळखायच्या खुणा दोन. हात वर करून चेहऱ्याला लावता येत नाही, किंवा पाऊल न उचलताही तुम्ही डावी-उजवीकडे झुलताय. यातली एक जरी दिसली तरी गाणं संपायची वाट न बघता निघा. मुठी छातीसमोर आणि कोपरं जरा बाहेर, म्हणजे बरगड्यांपुढे चार बोटं जागा राहते. एक पाय पुढे एक मागे. लोंढा पुढे जात असताना उलट ढकलू नका, ताकद संपते. लोंढा ओसरतो त्या क्षणी तिरकं, मागच्या कोपऱ्याकडे दोन-तीन पावलं टाका, पुन्हा थांबा. ओरडण्यात श्वास घालवू नका. फोन पडला तर वाकायचं नाही, गेला तर गेला. पुढे अडकलात तर दोन्ही हात उंच करून रक्षकांकडे बघा, ते बॅरिकेडवरून ओढून घेतात, त्यांचं कामच ते आहे. पाच फूट एक उंचीला इतरांची कोपरं तुमच्या चेहऱ्यापाशी येतात आणि हवाही कोंदट मिळते, तेव्हा तुम्ही इतरांपेक्षा लवकर निघायचं.

मॉश पिट ही वेगळी गोष्ट. तिथे मध्ये मोकळी जागा असते, लोक धडकतात पण चेंगरत नाहीत. सर्कल पिट, म्हणजे गोल धावणारा पिट, बहुतेकदा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, आत शिरायचं तर त्याच दिशेने धावत. कुणी पडला की सगळ्यांनी थांबून त्याला उचलायचं, हा नियम जगभर पाळतात. नको असेल तर पिटच्या कडेपासून चार-पाच माणसं मागे राहा. अगदी कडेवर उभे राहणाऱ्यांनाच जास्त लागतं, कारण ते बेसावध असतात. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा.

दादर_टीटी

आत न्यायच्या सामानाची यादी आयोजक देतात ती आदल्या दिवशी पुन्हा वाचा, बदलते. साधारणपणे छत्री, सेल्फी स्टिक, लायटर, डिओचा कॅन, भरलेली बाटली गेटवर काढून घेतात. पॉवर बँकेचं प्रत्येकाचं वेगळं. बॅग नसेलच तर तपासणीची रांग लवकर सरकते. चेनचा खिसा असलेली पँट त्याहून बरी.

पाणी: निघण्याआधी दोन तासांत अर्धा लिटर, मग आत दर तासाला एक-दीड ग्लास. एकदम लिटरभर पिऊन उन्हात उभं राहिलात तर नुसती शौचालयाची रांग वाढते. जेवून जा, पोळी-भाजी किंवा पोहे; वडे-भजी खाऊन सात तास उभं राहवत नाही. बूट बंद आणि वापरातले, नवे नकोत. गवत आणि धूळ दोन्ही आहे, चपला घातल्या तर पहिल्याच पिटमध्ये बोटं चेचतात. नाडीची डबल गाठ.

आत मनगटी पट्ट्यावर पैसे भरायची पद्धत असेल तर ते घरूनच भरा. हजारो फोन एकाच मोबाइल टॉवरवर आले की यूपीआय अडकतं. बाहेरच्या टॅक्सीसाठी चार-पाचशे रुपये रोख ठेवा. सोबत्याशी भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती "स्टेजजवळ" अशी नको. "एफओएचचा उजवा मागचा कोपरा" अशी नेमकी हवी. व्हॉट्सॲप लटकलं तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो.

परतीचं: महालक्ष्मीला पश्चिम रेल्वेच्या फक्त स्लो गाड्या थांबतात, आणि दहानंतर तिथला जिना तुंबतो. परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. मेट्रो ३ चं महालक्ष्मी स्थानकही आहे, शेवटची गाडी किती वाजता ते बघून ठेवा. टॅक्सी हवी असेल तर गेटसमोर बुक करू नका, एक-दीड किलोमीटर चालत जाऊन मग करा. भाडंही कमी दाखवतं आणि गाडी खरंच पोचते. पुण्याच्या बसगाड्या दादरहून रात्रीही असतात, पण आसन आधी राखून ठेवा आणि साडेअकराच्या आधीची घेऊ नका, चुकायची.

पायवाट_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, हे छापूनच ठेवतोय. एक राहिलं. दुसरं तिकीट वडिलांसाठी आहे. वय ६६, दोन्ही कानांना श्रवणयंत्र, आणि सत्तरच्या दशकातला रॉक त्यांना तोंडपाठ. यंत्र लावून ऐकावं की काढून?

श्रवण_ठाणे

अवश्य न्या. श्रवणयंत्र बोलण्यासाठी बनवलेलं असतं, आणि रॉक कॉन्सर्टमध्ये ते तीन ठिकाणी अडतं. बारीक आवाज वाढवायचा आणि मोठा दाबायचा हे त्याचं काम, त्यामुळे गाण्याचा चढउतार सपाट होतो. शिट्टी रोखणारी यंत्रणा गिटारचा लांब ताणलेला सूर शिट्टी समजून कापायला जाते आणि सूर थरथरतो. आणि बऱ्याच यंत्रांत आत येणारा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास फाटायला लागतो, मग आवाज कमी करूनही उपयोग नसतो, कारण तो आत शिरतानाच फाटलेला असतो.

तेव्हा जायच्या आठवडाभर आधी त्यांच्या ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम भरून घ्या. त्यात गोंगाट कमी करणं आणि एकाच दिशेचं ऐकणं बंद, शिट्टी-नियंत्रण कमीत कमी, आणि जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा खाली आणलेली असावी. घरी स्पीकरवर मोठ्याने गाणी लावून ते तपासा.

मैदानात, श्रवणदोष सौम्य ते मध्यम असेल तर बहुधा यंत्र काढून डबीत ठेवणं आणि संगीताचे प्लग लावणं हेच जास्त चांगलं ऐकवतं, कारण तिथे आवाज वाढवायची गरजच उरत नाही. उरलेली श्रवणशक्ती जपायची असल्यामुळे प्लग किंवा कानावरचे मफ त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आवश्यक. यंत्र बंद करून कानात तसंच ठेवलं म्हणजे प्लग झाला असं मात्र समजू नका. त्याच्या टोकाला बऱ्याचदा बारीक भोकं असतात आणि आवाज सरळ आत जातो. डबी पाणी न शिरणारी घ्या, घामाने यंत्र बिघडतं.

उभं राहण्याचं म्हणाल तर ज्येष्ठ आणि दिव्यांग प्रेक्षकांसाठी वेगळा मंच किंवा बसायची सोय आहे का, हे आयोजकांना ई-मेलने आठ-दहा दिवस आधी विचारा आणि उत्तर फोनमध्ये उतरवून ठेवा. गेटवरच्या माणसाला ते दाखवता येतं.

फेडर_वर

वडिलांना घेऊन एफओएचच्या बाजूलाच थांबा, डाव्या-उजव्या कुठल्याही. स्पीकरपासून लांब असल्यामुळे तिथे पातळीही पुढच्यापेक्षा काही डेसिबल खाली असते, आणि टेकायला बॅरिकेड मिळतं. बँडने आधीच्या शहरांत वाजवलेल्या गाण्यांचा क्रम सेटलिस्ट डॉट एफएमवर असतो. दौऱ्यात तो फारसा बदलत नाही, फक्त फेस्टिव्हलमध्ये सेट तासा-दीड तासाचा होतो म्हणून मधली चार-पाच गाणी गळतात. त्यावरून कुठल्या गाण्याला त्यांना खाली बसवून विश्रांती द्यायची ते ठरवून ठेवा.